एका ओळीत उलटापालट

रांगेतल्या वस्तूंच्या जागा बदलून दुसरी रांग लावली, की झालं परम्युटेशन. गणिताच्या मराठीत क्रमचय. यात भांडण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. खालच्या दोघांना तसं वाटत नाही. मामा संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आणि एपीएल या ॲरे भाषेचे जुने भक्त. या भाषेत आकड्यांची अख्खी रांग ही एकच वस्तू असते आणि एकेका चिन्हाने साऱ्या रांगेवर एकदम काम होतं. भाची पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. रोज पायथन लिहिते आणि त्याहून जास्त वेळ इतरांनी लिहिलेलं तपासते. संवादातल्या ओळींमधली नावं आणि आकडे वाचकांच्या सोयीसाठी देवनागरीत दिले आहेत. यंत्रावर ते रोमनमध्ये टाकावे लागतात.

भाची : मामा, तू पाठवलेली ओळ पाहिली. दोन त्रिकोण, एक सुलटा एक उलटा, दोघांच्या अंगातून आरपार गेलेली काडी, आणि पुढे 'गुण'. मला ओ का ठो कळलं नाही.

मामा : कळेल. पाच विद्यार्थी आहेत, हजेरी क्रमांक १ ते ५. त्यांचे गुण अनुक्रमे ६२ ९१ ४७ ७८ ५५. एपीएल उजवीकडून डावीकडे वाचायची, म्हणून आधी उलटा त्रिकोण.

⍒गुण
२ ४ १ ५ ३

भाची : हे गुण नाहीत.

मामा : नाहीतच. या जागा आहेत. सर्वांत जास्त गुण दोन नंबरला, मग चार नंबरला, मग एक, पाच, तीन. शाळेच्या फळ्यावर लागते ती गुणवत्ता यादी. 'ग्रेड डाऊन' म्हणतात या चिन्हाला. लक्षात घे, ते रांग लावत नाही, रांग कशी लावायची ते सांगतं. लावायची असेल तर गुण[⍒गुण]. आता त्या यादीवर सुलटा त्रिकोण ठेव.

⍋⍒गुण
३ १ ५ २ ४

भाची : थांब, मला लावू दे. पहिल्या मुलाला ६२, तो तिसरा. दुसऱ्याला ९१, तो पहिला. तिसरा पाचवा... हे ज्याच्या त्याच्या प्रगतिपुस्तकावर लिहायचे क्रमांक आहेत.

मामा : बरोबर. फळ्यावरची यादी सांगते, पहिल्या जागी कोण. प्रगतिपुस्तक सांगतं, मी कितव्या जागी. माहिती एकच, प्रश्न उलटे. आणि या प्रश्नावरून त्या प्रश्नावर जायला एकच चिन्ह पुरतं, ⍋.

भाची : का पुरतं? ते तर चढता क्रम लावायचं चिन्ह.

मामा : परम्युटेशनमध्ये १ ते ५ हे आकडे प्रत्येकी एकदाच असतात. त्यांना चढत्या क्रमाने लावायचं म्हणजे १ कुठे बसलाय ते आधी शोधायचं, मग २ कुठे, मग ३ कुठे. 'अमुक नंबर कितव्या जागी बसलाय' हेच तर प्रगतिपुस्तक. म्हणून परम्युटेशनचं ग्रेड म्हणजेच त्याचं व्यस्त. सिद्धता संपली. दोनदा व्यस्त केलं की मूळ परत, म्हणून कुठल्याही परम्युटेशनसाठी ⍋⍋प म्हणजे पुन्हा प.

भाची : हे सुंदर आहे, कबूल. पण माझं घोडं इथेच पेंड खातं. उद्या कुणी तुझ्या फाइलमध्ये ⍋प पाहिलं, तर त्याने काय समजायचं? लेखकाला क्रम लावायचा होता, की उलटं करायचं होतं? मी 'उलट' नावाचं फंक्शन लिहीन. वाचणाऱ्याला आत डोकावायचीसुद्धा गरज नाही.

मामा : नाव म्हणजे आश्वासन. चिन्ह म्हणजे कारण. तू 'उलट' लिहिलंस, पण आतलं फंक्शन खरंच उलट करतं की नाही हे नाव सांगत नाही.

भाची : ते टेस्ट सांगते.

मामा : सांगते का?

भाची : हं, इथे एक खरी गोष्ट सांगते. एका टीममध्ये कॉलमांचा क्रम बदलणारं कोड होतं. '२ ४ १ ५ ३' याचा अर्थ एकाने घेतला, पहिल्या जागी दुसरा कॉलम आणा. दुसऱ्याने घेतला, पहिला कॉलम दुसऱ्या जागी न्या. दोन अर्थ एकमेकांचे व्यस्त. तरी टेस्ट कित्येक महिने हिरवी.

मामा : कारण टेस्टमध्ये दोनच कॉलमांची अदलाबदल केली होती.

भाची : कसं ओळखलंस?

मामा : साध्या अदलाबदलीचं व्यस्त तीच अदलाबदल. २ १ ३ उलटं केलं तरी २ १ ३. दोन्ही अर्थ तिथे सारखेच बरोबर. तीन जणांनी फेर धरला की बिंग फुटतं : २ ३ १ चं व्यस्त ३ १ २. परम्युटेशनची टेस्ट लिहायची तर निदान तिघांचा फेर हवाच.

भाची : तेच मी त्यांना सांगितलं. पण बघ, ही चूक तुझ्या भाषेतही तितक्याच सहज होते. प[क] लिहायचं की प[⍋क], हा घोळ तिथेही आहेच. चिन्हांनी तो मिटत नाही.

मामा : मिटत नाही, पण समोर येतो. दोन अर्थांमध्ये नेमकं एका ⍋चं अंतर आहे, हे कागदावर दिसतं. तुमच्याकडे एक लूप डावीकडे लिहितो, दुसरा उजवीकडे, आणि दोन्ही लूप चार हातांवरून सारखेच दिसतात.

भाची : आमच्याकडे आता लूप कमीच. पायथनच्या नमपाय या लायब्ररीत मीही 'आर्गसॉर्ट' लिहिते, आणि ॲरेच्या कंसात दुसरा ॲरे घालते.

मामा : म्हणजे आमच्याच घराण्याचा वारसा. आर्गसॉर्ट म्हणजे ग्रेड. अख्ख्या रांगेवर एकदम क्रिया करायची ही चाल कुठून आली?

भाची : आली असेल. आम्ही चाल घेतली, लिपी नाही घेतली. त्यालाही कारण आहे.

मामा : लिपीचंही कारण ऐक. केनेथ आयव्हरसन कॅनडाचा, हार्वर्डला शिकवायचा. पद्धती फळ्यावर नेमकेपणाने मांडायला चालू गणिताची चिन्हं अपुरी पडत, म्हणून त्याने स्वतःची बसवली. १९६२ मध्ये 'अ प्रोग्रॅमिंग लँग्वेज' हे पुस्तक आलं. यंत्रावर चालणारी एपीएल त्यानंतर, १९६६ मध्ये. आयबीएमच्या टाइपरायटरसारख्या टर्मिनलवर या चिन्हांसाठी खास टंकगोळा बसवावा लागे. म्हणजे ही आधी लिहिण्याची रीत होती, मग यंत्राची भाषा झाली. १९७९ चा ट्यूरिंग पुरस्कार घेताना त्याने दिलेल्या व्याख्यानाचं शीर्षकच चिन्हलेखन हे विचाराचं साधन आहे अशा अर्थाचं होतं, आणि त्यात परम्युटेशनवर स्वतंत्र भाग आहे.

भाची : फळ्यावर लिहिणारा फळ्याशेजारी उभा असतो, मामा. कुणी हात वर केला की थांबतो, समजावतो. माझ्या कोडशेजारी कुणी उभं नसतं. लिहिणारा नोकरी सोडून गेलेला असतो.

मामा : हा मुद्दा बिनतोड. पण अजून एकाच चिन्हावर आपण अडलोय. पत्ते पिसूया?

भाची : पिस.

मामा : बावन्न पत्ते. बरोबर मधोमध कापायचे, सव्वीस-सव्वीस. मग एक वरच्या गड्डीतला, एक खालच्या गड्डीतला, असे एकाआड एक गुंफायचे. जादूगार याला फॅरो शफल म्हणतात. वरचा पत्ता वरच राहील असं करू. तू कसं लिहिशील?

भाची : दोन भाग, नवीन यादी, लूपमध्ये दोन्हीकडून एकेक उचलायचा. चार-पाच ओळी.

मामा : मी असं लिहितो.

,⍉२ २६⍴⍳५२

उजवीकडून वाच. ⍳५२ म्हणजे १ ते ५२. २ २६⍴ म्हणजे त्यांच्या दोन ओळी मांड, प्रत्येकी सव्वीस. ⍉ म्हणजे आडवं उभं कर; आता सव्वीस ओळी झाल्या, प्रत्येकीत दोन पत्ते, १ आणि २७, २ आणि २८. शेवटचा स्वल्पविराम म्हणजे हे सगळं पुन्हा एका रांगेत घे. १ २७ २ २८ ... २६ ५२.

भाची : हे मात्र आवडलं. लूपमध्ये मी कृती सांगते. इथे चित्रच समोर आलं.

मामा : आणि हे चित्र हातात धरता येणारी वस्तू आहे. त्याला प म्हण. प[प] म्हणजे दोनदा पिसलेली गड्डी. याच इंडेक्सने पुन्हा पुन्हा फिरव, आठव्यांदा १ ते ५२ जसेच्या तसे परत.

भाची : फक्त आठ वेळा? बावन्न पत्ते?

मामा : फेर मोज, म्हणजे कळेल. प्रत्येक परम्युटेशन स्वतंत्र फेरांत फुटतं. इथे पहिला आणि शेवटचा पत्ता जागेवरच, हे दोन एकटे. अठरावा आणि पस्तिसावा आपसांत जागा बदलतात. उरलेले अठ्ठेचाळीस, त्यांचे आठ-आठ पत्त्यांचे सहा फेर. १, २ आणि ८ यांचा लसावि ८. आठव्या पिसण्याला सगळे एकदम घरी.

भाची : छान. आता मी जोकर टाकते. त्रेपन्न पत्ते. तुझी ओळ चालव.

मामा : ... २ २६⍴⍳५३.

भाची : बोल ना. काय होतं?

मामा : ⍴ पहिले बावन्न घेतं.

भाची : आणि त्रेपन्नावा?

मामा : गळतो.

भाची : काही एरर?

मामा : नाही.

भाची : एकावन्नच पत्ते दिले तर?

मामा : कमी पडला तर ⍴ पुन्हा सुरुवातीपासून घेतं. पहिला पत्ता दोनदा येईल.

भाची : तेही निमूटपणे. मामा, आमच्याकडे असं कोड सापडलं तर मी ते पुढे जाऊ देत नाही. चार ओळींचा लूप कंटाळवाणा असेल, पण जोकर गिळत नाही.

मामा : तपासणी लावता येते. परम्युटेशन आहे की नाही, एका ओळीत :

(⍳⍴प)≡प[⍋प]

क्रम लावल्यावर १, २, ३ असं सरळ आलं तर १, नाही तर ०. एकावन्न पत्त्यांच्या वेळी एक दोनदा येतो, ही ओळ लगेच पकडते.

भाची : आणि जोकरच्या वेळी? निघाले बावन्न आकडे, १ ते ५२, प्रत्येक एकदा. तुझी तपासणी छातीठोकपणे १ सांगणार.

मामा : हो. सांगणार.

भाची : जोकर हरवला आणि तपासणी पास.

मामा : किती पत्ते आत गेले हे तिला बाहेरून सांगायला हवं. ⍴प नाही, मूळ संख्या. मान्य. रांग स्वतःबद्दल सगळं सांगते. आपण कुठून आलो हे सांगत नाही.

भाची : आता गुणांकडे परत चल. तिथेही एक खोट आहे. दोघांना ६२ असतील तर?

मामा : सारखे असले तर ग्रेड आधी आलेल्याला आधी ठेवतं. हजेरीत वर असलेला पुढे.

भाची : म्हणजे आडनाव 'अ' वरून असेल तर तिसरा, 'य' वरून असेल तर चौथा. पालक शाळेच्या दारात उभे राहतील.

मामा : त्याला दुसरी ओळ आहे. गुण[⍒गुण]⍳गुण. उतरत्या क्रमाने लावलेल्या गुणांत माझे गुण पहिल्यांदा कुठे दिसतात ते शोध. दोघे ६२ वाले तिसरे, पुढचा थेट पाचवा. स्पर्धेत असतो तसा.

भाची : ओळ प्रत्येक वेळी मिळते, पण चूक कळल्यावर मिळते.

मामा : तुमच्याकडे चूक कळण्याआधी मिळते का? बरं, आणखी काही आक्षेप?

भाची : खर्चाचा. व्यस्त काढायला क्रम लावायची गरजच नाही. दहा लाखांची रांग असेल तर तुलना करत क्रम लावायला ढोबळ दोन कोटी तुलना. प्रत्यक्षात एकही तुलना नको. प्रत्येकाला त्याच्या जागेवर नेऊन ठेवायचं, दहा लाख वेळा, संपलं.

मामा : र←प, आणि मग र[प]←⍳⍴प. तेच आहे हे. आणि लहान पूर्णांक असतील तर तुलना न करता, नुसतं मोजून क्रम लावता येतो. इंटरप्रिटरने ती वाट घेतली तर ⍋ मागे पडत नाही. पण तू म्हणतेस ते खरं. ⍋प हे सत्य सांगतं, सर्वांत स्वस्त रस्ता सांगेलच असं नाही.

भाची : आणि स्मरणाचा खर्च? माझा खरा प्रश्न तिथे येतो. बारा ठिकाणी पार्सलं पोचवायची आहेत, सगळे क्रम तपासायचे. बाराचे क्रमगुणित ४७,९०,०१,६००. तुम्ही ॲरेवाले म्हणणार, सगळ्यांचा एक तक्ता करा आणि त्यावर एकदम क्रिया. एकेका आकड्याला एकच बाइट दिला तरी पावणेसहा अब्ज बाइट झाले. पायथनमध्ये मी एकेक क्रम मागते, वापरते, सोडते.

मामा : याचं उत्तर एपीएलहून फार जुनं आहे, आणि आपल्या देवगिरीचं आहे.

भाची : आता दौलताबाद?

मामा : तेच. तेराव्या शतकात यादव राजा सिंघणाच्या दरबारी शार्ङ्गदेव होता. पेशाने राज्याचा हिशेबनीस, विद्येने संगीतज्ञ. त्याच्या 'संगीतरत्नाकरा'त सात स्वरांच्या सगळ्या उलटापालटींचा विचार आहे, ५०४० तानांचा. किती प्रकार होतात हे मोजणं त्याआधीही होतं. ११५० च्या 'लीलावती'त भास्कराचार्य विचारतात, शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं अदलून-बदलून दिली तर मूर्तीचे प्रकार किती? ३६,२८,८००. पण शार्ङ्गदेव पुढे जातो. तो विचारतो, अमुक क्रमांकाची तान कोणती? आणि ही तान कितव्या क्रमांकाची? पहिल्याला नष्ट म्हणतात, दुसऱ्याला उद्दिष्ट.

भाची : क्रमांकावरून क्रम, क्रमावरून क्रमांक.

मामा : आधी प्रस्तार, म्हणजे यादी लावायची ठरलेली रीत. तीन स्वर घे : सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. शेवटचा स्वर बघ. आधी ग वर संपणाऱ्या दोन, मग रे वर संपणाऱ्या, मग सा वर. आता चार स्वर, चोवीस ताना. सतरावी कोणती?

भाची : म वर संपणाऱ्या सहा, ग वर सहा, म्हणजे बारा गेल्या. तेरा ते अठरा रे वर. शेवट रे.

मामा : उरली पाचवी, आणि उरले सा, ग, म.

भाची : म वर दोन, ग वर दोन, पाचवी सा वर. उरली पहिली, ग आणि म. पहिली म्हणजे सरळ : गम. तर ग म सा रे.

मामा : बाकीच्या तेवीस न लिहिता सतरावी आली. शार्ङ्गदेव यासाठी खंडमेरू नावाचा तक्ता देतो. त्याच्या स्तंभांत आकडे असतात : एकात फक्त १, मग ० १, मग ० २ ४, मग ० ६ १२ १८. प्रत्येक स्तंभातून एक आकडा घ्यायचा. १२, ४, ० आणि १. बेरीज सतरा. गवयांच्या मेरुखंडाच्या रियाजामागे हाच हिशेब आहे. आपल्या मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याने तो मोठ्या निगुतीने केला.

भाची : हे क्रमगुणितांच्या पायावरचं अंकलेखन आहे! एकं, दहं, शतं ऐवजी १, २, ६, २४.

मामा : एपीएलमध्ये ४ ३ २ १⊤१६ असं विचार. सोळा, कारण शून्यापासून मोजायचं. उत्तर २ २ ० ०. दोन वेळा सहा, दोन वेळा दोन. आणि एपीएलनंतर आयव्हरसनने रॉजर हुईबरोबर १९९० मध्ये 'जे' ही भाषा केली. तिच्यात तर नष्ट आणि उद्दिष्ट हे मूळ क्रियापदच आहे, ए अक्षर आणि त्यापुढे टिंब. डावीकडे क्रमांक दिला की नष्ट, नाही दिला की उद्दिष्ट. यादीची रीत तेवढी वेगळी, शब्दकोशासारखी पुढून. तेव्हा तुझी पार्सलं घे. तक्ता कशाला? क्रमांक हाच दुमडून ठेवलेला तक्ता. दहा यंत्रं असतील तर प्रत्येकाला क्रमांकांची एकेक पट्टी वाटून दे. तुझा पायथनचा एकेक देणारा नळ पहिल्यापासूनच सुटतो. त्याला कोटीव्या क्रमावर एकदम उडी मारता येत नाही.

भाची : हे मी उद्या वापरणार. पण मर्यादा सांग. वीसचं क्रमगुणित चौसष्ट बिटांच्या पूर्णांकात बसतं. एकविसाचं नाही बसत. पत्त्यांची गड्डी घेतलीस तर बावन्नाच्या क्रमगुणिताला अडुसष्ट आकडे.

मामा : जे मध्ये हवे तेवढे लांब पूर्णांक आहेत. पण तिथे हिशेब मंद होतो, खरंय.

भाची : आणि एक सांगू? शार्ङ्गदेव तुझ्या नाही, माझ्या बाजूचा आहे. त्याने प्रत्येक क्रियेला नाव दिलं. प्रस्तार, नष्ट, उद्दिष्ट, खंडमेरू. आठशे वर्षांनी तू मला ती नावं सांगितलीस आणि मी सतरावी तान काढली. ए अक्षर आणि टिंब आठशे वर्षांनी कुणाला कळेल?

मामा : काम नावाने झालं, की मेरूच्या रकान्यांनी? तू मघाशी 'नष्ट' हा शब्द घोकत नव्हतीस. बारा गेले, चार गेले, असे रकाने खाली उतरत होतीस. नाव दारावरची पाटी. आत तक्ताच होता.

भाची : पाटी नसती तर दार सापडलं नसतं.

मामा : बरं. मग तुझ्या 'उलट' या पाटीबद्दल मला एकच शंका आहे. ⍋⍒गुण यातला ⍋ परम्युटेशनचं व्यस्त काढतो. पण ⍋⍋ मी थेट गुणांवरही चालवू शकतो. गुण परम्युटेशन नाहीत, तरी चढते क्रमांक मिळतात. तू फंक्शनला 'उलट' नाव दिलंस की वाचणारा ते फक्त परम्युटेशनला लावणार. गुणांना 'उलट' लावून पाहावं असं त्याला स्वप्नातही येणार नाही. नाव वापर अरुंद करतं.

भाची : अरुंद करतं म्हणूनच अपघात होत नाहीत. थांब... ⍋⍋ कशालाही चालतं म्हणालास?

मामा : कुठल्याही आकड्यांच्या रांगेला.

भाची : नुसत्या शून्य-एक, शून्य-एक अशा रांगेला?

मामा : चालेल. का?

भाची : पिसलेली गड्डी डोळ्यांसमोर आण. वरून पहिला पत्ता डाव्या हातातला, दुसरा उजव्या, तिसरा डाव्या. डाव्या हाताला शून्य लिही, उजव्याला एक. त्रेपन्न पत्ते असतील तर ०, १, ०, १ असं त्रेपन्न वेळा. आता हे गुण समज आणि चढते क्रमांक लाव. सगळे शून्यवाले आधी, आणि बरोबरीत असतील तर आधी आलेला आधी. शून्य सत्तावीस. म्हणजे पहिल्या शून्याचा क्रमांक १, पहिल्या एकाचा २८, दुसऱ्या शून्याचा २...

⍋⍋५३⍴० १
१ २८ २ २९ ३ ३० ...

मामा : ... शेवटी २६, ५३, २७.

भाची : जोकरसकट. बावन्नला चालतं, त्रेपन्नला चालतं, एकावन्नलाही. काही गळत नाही, काही दोनदा येत नाही, कारण ग्रेडमधून परम्युटेशनशिवाय दुसरं काही बाहेरच पडत नाही.

मामा : आणि मघाशी ज्याला तू खोट म्हणालीस, सारख्या गुणांत आधी आलेला आधी, त्याच्यावरच हे सगळं उभं आहे.

भाची : हो. शाळेत तो अन्याय, इथे तो आधार. यात एकच ⍋ ठेवला तर काय मिळेल? सगळे विषम आधी, मग सगळे सम : पिसलेली गड्डी पुन्हा दोन हातांत वेगळी करणं. म्हणजे व्यस्त. अर्थात.

मामा : आता त्रेपन्न पत्ते किती वेळा पिसले की जागेवर येतील, ते काढ.

भाची : एक पत्ता वाढला. आठाचे नऊ? दहा?

मामा : काढ.

भाची : शून्यापासून मोजलं तर प्रत्येक जागेवर, तिच्या दुपटीला त्रेपन्नने भागून येणारी बाकी... म्हणजे दोनाचा कितवा घात त्रेपन्नने भागल्यावर एक उरतो, एवढाच प्रश्न. त्रेपन्न मूळ संख्या, म्हणून तो घात बावन्नाचा भाजक. सोळा, म्हणजे चौथा घात, नाही चालत. सव्विसावा? तो ५२ बाकी ठेवतो, तोही नाही. मग उरतं बावन्नच. मामा, बावन्न वेळा!

मामा : वरचा एक पत्ता जागेवर, आणि बाकीच्या बावन्न जणांचा एकच अखंड फेर. एका जोकरने आठाचे बावन्न केले.

भाची : ही ओळ मी घेते. पण ती तशीच्या तशी आमच्या कोडमध्ये जाणार नाही. तिला 'पिस' असं नाव देणार, वर दोन वाक्यांचं स्पष्टीकरण, आणि टेस्ट त्रेपन्न पत्त्यांची, बावन्न वेळा पिसून जागेवर येतात की नाही ते बघणारी.

मामा : दे की. फक्त एवढं सांग. ⍋⍋ ला कुणी आधीच 'गुणानुक्रम' असं नाव देऊन ठेवलं असतं, तर तू ते पत्त्यांना लावून पाहिलं असतंस?

भाची : नसतं पाहिलं. पण मी आज त्याला नाव दिलं नाही, तर सहा महिन्यांनी ही ओळ समोर आल्यावर मलाच कळणार नाही, की पत्ते पिसायचे होते.